उमसेच्या दिवसांतली पेज

दिल्लीकडच्या या हवेला मराठीत शब्द नाही. इतकी वर्षं इथे काढल्यावर मी तो शोधायचा नादही सोडला. उकाडा म्हणावं, तर उकाडा मे महिन्यातला. तो कोरडा असतो, भाजून काढतो, पण निदान घाम तरी वाळवतो. दमट म्हणावं, तर त्या शब्दाला कोकण चिकटलेलं आहे. ही उमस. श्रावण-भाद्रपदात सर पडून जाते, लगेच कडक ऊन निघतं, जमिनीतून वाफा येतात आणि झाडाचं पान म्हणून हलत नाही. कूलर लावावा, तर तो मेला गार हवेऐवजी ओला वारा अंगावर फेकतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटीतल्या काड्या पेटत नाहीत, पापड सादळतात. माशांना तर उडायचासुद्धा कंटाळा येतो. हाकलल्या तरी आपल्या तिथेच. मला या दिवसांचा अस्सा राग येतो! तरी दरवर्षी ते आले की मी सावध होते आणि कुणी विचारलेलं नसताना ओळखीतल्या प्रत्येक आईला, पाणी उकळून घे गं, म्हणून सांगत सुटते. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, झाला हिचा सीझन सुरू.

यंदाही झाला. गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी केतकीचा फोन आला. केतकी आमची लेक. फरीदाबादलाच, पण कालव्यापलीकडे जे नवे टॉवर झालेत, त्यातल्या एकात पार वरच्या मजल्यावर राहते. तिच्या ईशानला, माझ्या नातवाला, पहाटेपासून पातळ शी होत होती. सोसायटीतल्या बऱ्याच मुलांना झालंय म्हणाली. मी नेहमीचं सगळं विचारून घेतलं. रक्त पडत नाही ना, पाणी पितोय ना, लघवी होतेय ना, रडताना डोळ्यांत पाणी येतंय ना. सगळं ठीक होतं. म्हटलं, अंगावरचं दूध बंद करू नकोस, मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आण, आणि जरा पेज कर.

"कुठलं पेज?" ती म्हणाली. "लिंक पाठव ना, आई."

मी हसत सुटले. मग हसू गेलं आणि जरा वाईटच वाटलं. इथे वाढलेल्या पोरांचं असं होतं. वरण-भात टिकतो, गणपतीची आरती टिकते, पण पेज, कढण, सांदण असले कोपऱ्यातले शब्द कधी गळून पडतात ते आपल्यालाही कळत नाही. तिला समजावत बसण्यापेक्षा करून नेणं सोपं होतं. मी मूठभर तांदूळ धुतले, भरपूर पाणी घालून गॅसवर ठेवले. भात गळून गेला, पाण्याला पांढरा दाटपणा आला, आणि तो वास स्वयंपाकघरात भरला. लोकांना या वासानं माहेर आठवत असेल. मला नाल्यापलीकडची बस्ती आठवते.

नव्वदीची सुरुवात असेल. माझं नुकतंच लग्न झालेलं. साताऱ्याकडच्या एका दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून मी फरीदाबादला आले, कारण श्रीकांत इथल्या ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. तेव्हा इथे रोज काहीतरी नवीन निघत होतं. शेतात चुन्याच्या रेघा ओढून सेक्टर पाडत होते. तंबू ठोकून प्रॉपर्टी डीलर बसले होते, दोन खुर्च्या आणि एक नकाशा, झालं ऑफिस. छतांवर डिश अँटेना उगवल्या. विलायती कोल्ड्रिंकं परत आली म्हणून भिंतीच्या भिंती लाल-निळ्या रंगवून झाल्या. देश खुला झाला असं सगळे म्हणत होते. आणि या नव्या कोठ्या, म्हणजे बंगले, बांधणारी, कारखान्यात तापलेलं लोखंड उचलणारी, कोठ्यांतली भांडी घासणारी माणसं नाल्याच्या पलीकडे विटांच्या खोल्यांत राहत होती. पूरबची माणसं, बिहारची, उत्तर प्रदेशातल्या गोंडा-बस्ती जिल्ह्यांकडची. तिथपर्यंत खुलं झालेलं काही पोचलं नव्हतं. पोचला होता तो एक हातपंप, तोही नाल्याला खेटून.

घरी बसून मला वेड लागायची वेळ आली होती. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी सांगितलं की एक डॉक्टरबाई त्या बस्तीत काम सुरू करतायत, त्यांना नर्स हवीय. गेले. डॉक्टरबाई पंजाबी, उंच, आवाज मोठा. मला वाटलं दवाखाना असेल, दोन खाटा असतील. तिथे एक चटई होती. मी विचारलं, दवाखाना कधी होणार? तर म्हणाल्या, होणारच नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. दवाखाना काढला की लोक आजारी पडून येणार, आपण औषध देणार, ते परत त्याच पंपाचं पाणी प्यायला जाणार. त्यापेक्षा रोजच्या आजारांचं बघणं गल्लीतच, गल्लीच्याच कुणीतरी शिकून घ्यायचं, आणि खरंच गरज असेल त्यालाच हॉस्पिटलात न्यायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी गल्लीतल्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, "मैं हफ़्ते में एक दिन आऊँगी. बीमारी तो रोज़ आएगी. रोज़ वाली कौन होगी, यह तुम लोग तय करो."

बायकांनी फूलवतीचं नाव घेतलं. दरभंग्याची, माझ्याच वयाची, दात जरा पुढे, हसली की अख्खी हसायची. तीच का, विचारलं तर कुणी म्हणालं, तिला सगळ्यांच्या घरात जाता येतं. कुणी म्हणालं, पंपावरच्या भांडणात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. डॉक्टरबाई खूश झाल्या. आरोग्याच्या कामाला हीच पात्रता लागते, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आता विचाराल तर मी नर्सिंगच्या परीक्षेत भांडणाचा एक पेपर ठेवीन.

फूलवतीच्या शेजारच्या खोलीत रामरती राहायची. नवरा कारखान्याच्या भट्टीवर, सासू घरात, आणि मुन्ना नावाचा एक रांगता पोरगा. मागच्या उमसेत रामरतीची मुलगी गेली होती, उलट्या आणि पातळ शी, पोरगी बघता बघता वाळून गेली. त्यानंतर हा मुन्ना जन्मला. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की तो अजून पहिल्या उमसेतून जायचाय. रामरती ते तोंडानं बोलत नसे, पण आभाळ भरून आलं की त्याला उचलून आत न्यायची. सासू, तिला सगळे अम्मा म्हणत, त्याच्या कमरेला काळा दोरा बांधून पुन्हा पुन्हा गाठ तपासायची. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, हा पोरगा काही झालं तरी हा सीझन काढणार. कुणाला बोलले नाही, पण ठरवलं होतं.

आणि मग मी ते भाषण केलं.

पहिल्या सरी पडून गेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी साखर-मिठाच्या पावडरीची पाकिटं दिली होती, ती पाण्यात कालवून मुलाला पाजायची. मी घरी आरशासमोर सराव केला. हिंदी मला येत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. पंपाजवळ सगळ्या बायका बसल्या, अम्मासुद्धा आली, आणि मी छान ठणठणीत आवाजात सांगितलं की बहनों, बच्चे को जुलाब हो जाए तो घबराना नहीं. हे बघा, यह जुलाब का पानी है. थोडं थोडं पाजत राहायचं, जुलाब थांबला नाही तरी पाजायचं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी काही विचारलं नाही. पाकिटं मात्र सगळ्यांनी घेतली, फुकट होती ना. मी घरी येऊन श्रीकांतला म्हटलं, मस्त झालं, सगळ्यांना कळलं.

आता मराठीत जुलाब म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. साताऱ्याकडे दवाखान्यात दिवसातून कितीदा तो शब्द तोंडात यायचा. पण हिंदीत जुलाब म्हणजे रेचक. पोट साफ व्हायला घ्यायचं औषध! आजाराला त्यांच्यात दस्त म्हणतात, आणि दस्त म्हटलं की आपल्याला रजिस्ट्रारचं ऑफिस आठवतं. म्हणजे मी भर गल्लीत उभी राहून सांगितलं होतं की पोराला जुलाब द्या, हे घ्या जुलाबाचं पाणी, आणि पोट वाहायला लागलं तरी थांबू नका. डॉक्टरबाई आपल्या इंग्रजीत लूज मोशन म्हणायच्या, त्यामुळे त्यांच्याकडून मला कधी कळलंच नाही.

काही दिवस मला नुसतंच विचित्र वाटत राहिलं. दारं पुढे केलेली. मी आले की पोरं आत. नाल्यात आमची पाकिटं तरंगताना दिसली. एक म्हातारेबाबा तेवढे रोज येऊन पाकीट मागायचे. मला कौतुक वाटलं, म्हटलं एकाला तरी पटलं. शेवटी त्यांनीच तक्रार केली की बिटिया, तुझं औषध बेकार आहे, इतकी पाकिटं प्यालो, पोट काही साफ होत नाही. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. फूलवतीनं मग एक दिवस मला बाजूला घेतलं. तिला ते विचारायचं जिवावर आलं होतं, हे दिसत होतं.

"दीदी," ती म्हणाली, "जिस बच्चे का पेट चल रहा है, उसको जुलाब काहे देना है?"

मी तिला अर्थ विचारला, तिनं सांगितला. मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथेच पायरीवर बसले. फूलवती आधी घाबरली, मग मी मराठीत जुलाब म्हणजे काय ते सांगितल्यावर जी हसायला लागली, ती थांबेना. मलाही हसू आलं. दोघी डोळे पुसत बसलो. पण हसून भागणार नव्हतं, कारण हवा तशीच कोंदलेली होती, माशा वाढल्या होत्या, पलीकडच्या गल्लीत दोन पोरं आजारी होती, आणि अम्मानं सगळीकडे सांगून ठेवलं होतं की ती मरहट्टी दीदी पोरांना जुलाब पाजते. रामरतीच्या दारात तर मला उभं करत नव्हते.

मी दारोदार जाऊन शब्द चुकला म्हणून सांगू लागले. काही उपयोग झाला नाही. जेवढं जास्त समजवावं, तेवढी माणसं जास्त संशयानं बघत. बिल्कुल बरोबर होतं त्यांचं. परक्या बाईचं चंदेरी पाकिटातलं औषध, तिचीच भाषा धड नाही, कोण आपलं पोर तिच्या हातात देईल? मी दिलं नसतं.

एका दुपारी फूलवतीच्या चुलीपाशी बसले होते. तिनं भाताच्या पातेल्यावर झाकण धरून वरचं पाणी वाटीत गाळलं आणि पोराला प्यायला दिलं. मी विचारलं, याला काय म्हणता? माँड, ती म्हणाली. म्हटलं, आमच्याकडे पेज. ती म्हणाली, गावाकडे ताप उतरल्यावर आई हेच द्यायची. मी चिमूटभर मीठ मागितलं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं होतं, बोटांना चिकटत होतं. घातलं, ढवळलं, दोघींनी चाखलं. एकमेकींकडे बघितलं. ही गोष्ट प्रत्येक चुलीवर रोज होत होती, आणि आम्ही पाकिटं वाटत फिरत होतो.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, चालेल, उत्तम चालेल, फक्त मीठ जास्त पडता कामा नये. मग मापाचा प्रश्न आला. कुणाचा लोटा मोठा, कुणाची वाटी लहान. तेव्हा बाजारात नुकत्याच पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या निघाल्या होत्या. पाणी विकत घेऊन पितात हे ऐकून आम्ही सगळ्या हसलो होतो. कोठ्यांतली माणसं त्या बाटल्या फेकायची आणि बस्तीतले भंगारवाले उचलून आणायचे. बरोब्बर एक लिटर! देश खुला झाल्याचा त्या गल्लीला झालेला फायदा म्हणजे ही रिकामी बाटली. एक बाटली पातळ माँड, त्यात तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, आणि चव बघायची. आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं. ही आसवांची खूण डॉक्टरबाईंनी सांगितली, आणि बायकांना ती लगेच समजली. आसवांची चव काय शिकवायची त्यांना.

मी मात्र गप्प राहायचं, असं ठरलं. बोलणार फूलवती. ती पंपावर, रेशनच्या रांगेत, भांडी घासायला जाताना वाटेत बोलायची. पाणी पंपाचं असलं तरी भाताबरोबर उकळलेलं असतं, हेही तीच सांगायची. एकेक घर वळत होतं. पंपाच्या चौथऱ्याचं कामही बायकांनीच अंगावर घेतलं; फुटकं सिमेंट काढलं, कारखान्यातून नवऱ्यांकडून नवं मागवलं, सांडपाण्याला चर खणून ते नाल्याच्या खालच्या अंगाला नेलं. नगरसेवकाकडे खोल बोअरसाठी खेपा घालून घालून त्याच्या नाकीनऊ आणले. मी त्यांच्याबरोबर जायचे आणि मागे उभी राहायचे. मागे उभं राहणं ही माझी सगळ्यात कठीण ड्यूटी होती, कारण माझा स्वभाव पुढे घुसायचा. रामरतीचं दार तेवढं बंदच होतं.

गेल्या आठवड्यात त्या फोननंतर केतकीकडे पेजेचा डबा घेऊन गेले, तेव्हा ईशान खेळत होता. चार चमचे प्यायला, बाकीची गादीवर सांडली. मी केतकीला विचारलं, पाण्याची टाकी बघितली का कुणी? तिनं मोबाइल दाखवला. सोसायटीच्या ग्रुपवर शंभर मेसेज, कुठला बालरोगतज्ज्ञ चांगला, कुठलं प्युरिफायर घ्यावं, कुणाच्या इन्शुरन्समध्ये काय बसतं. टाकीपर्यंत कुणी गेलं नव्हतं. मी खाली उतरले, बाकावर बसलेल्या चार आज्यांना बरोबर घेतलं, त्यांत एक बंगाली, एक मल्याळी, दोघी इथल्याच, आणि सिक्युरिटीवाल्याला झाकण उघडायला सांगितलं. तो म्हणाला, सेक्रेटरींची परमिशन लागेल. म्हटलं, अच्छा, मग त्यांनाच बोलवा, आम्ही इथेच बसतो. बसलो. झाकण तडकलेलं होतं आणि आत कबुतराची पिसं तरंगत होती. सेक्रेटरीसाहेबांनी बघितलं आणि रुमाल नाकाला लावला. संध्याकाळपर्यंत टाकी उपसली गेली. मल्याळी आजींना हिंदी येत नाही, मला मल्याळम येत नाही, पण परत जाताना त्यांनी माझ्या दंडावर थाप मारली आणि मला फार बरं वाटलं.

तर, रामरतीचा मुन्ना.

भादव्याची कडक दुपार होती. फूलवती धावत आमच्या सेक्टरमध्ये आली, पायात चप्पल नव्हती. मुन्नाला आदल्या दिवसापासून दस्त लागले होते आणि आता उलट्याही. अम्मानं दूध बंद केलं होतं, पाणीही. तिच्या हिशोबानं वरून घातलं की खालून जातं, तर वरून बंद करावं. नाक्यावरचा सुईवाला, म्हणजे डिग्री नसताना इंजेक्शनं देत फिरणारा, येऊन ग्लुकोज चढवायचं म्हणून सांगून गेला होता, आणि रामरतीचा नवरा त्याची सोय करायला बाहेर पडला होता. आम्ही पळत गेलो. खोलीत जाळ होता नुसता. मुन्ना खाटेवर पडलेला, डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. मी दारातूनच बघितलं. रडत होता, पण आवाज बारीक, आणि गालावर थेंब नव्हता.

अम्मा दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, हीच ती जुलाबवाली, हिला आत सोडणार नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात फूलवतीनं माझा हात दाबला.

"अम्मा, हम दवाई नहीं लाए," ती म्हणाली. "आपके ही चूल्हे का माँड़ है. आप ही निकालिए, आप ही नमक डालिए. दीदी बस बैठी रहेगी."

चुलीवर भात होताच. अम्मा दारातून हटली नाही. आतून रामरती पहिल्यांदाच सासूच्या तोंडावर बोलली. "पिछली बार हमने बंद किया था, अम्मा," एवढंच म्हणाली. मग अम्मा बाजूला झाली आणि चुलीपाशी गेली.

मी मुन्नाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली, म्हणजे अंगातलं पाणी बरंच आटलं होतं. पण वाटी ओठाला लावली तर तो गिळत होता. गिळतोय म्हणजे आपल्या हातात आहे. मी अम्माला सांगितलं, आता मात्र स्वच्छ शब्दांत, की कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत आपण पाजू. मध्येच त्यानं गिळणं सोडलं, मान टाकली, किंवा भोंग्यापर्यंत लघवी झाली नाही, तर मी त्याला उचलून सरकारी हॉस्पिटलात नेणार आणि तुम्ही मला अडवायचं नाही. अम्मा म्हणाली, आणि तुझ्यानं हा बिघडला तर या गल्लीत पाऊल ठेवायचं नाहीस. मी हो म्हटलं. फूलवतीनं नाक्यावर थ्री-व्हीलरवाल्याला थांबायला सांगून ठेवलं.

मुन्नाला मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाजायला सुरुवात केली. एक चमचा. थांबायचं. पुन्हा एक. काही वेळानं त्यानं सगळं भडाभडा ओकून टाकलं. अम्मानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता उठवतेच. मी म्हटलं, जरा थांबू, मग आणखी हळू देऊ. तोंड पुसलं, मनातल्या मनात देवाला चार शब्द सुनावले, आणि पुन्हा चमचा भरला. मधूनमधून रामरती त्याला अंगावर घ्यायची. लाईट गेलेली होती, फूलवती पुठ्ठ्यानं वारा घालत होती, माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. माझं मनगट भरून आलं तेव्हा कुणीतरी माझ्या हातातून चमचा घेतला. बघते तर अम्मा. मी केलं होतं तसंच, टेकवायचं, थांबायचं, पुन्हा टेकवायचं. तिचा हात माझ्यापेक्षा सावकाश होता आणि तिच्या हातून तो जास्त पीत होता.

भीती वाटत होती का? फार वाटत होती. दवाखान्यात चुकलं तर वर डॉक्टर असतात. इथे ती खाट, आम्ही चौघी आणि तो जीव. पण मला त्या दुपारी एकदाही उठून जावंसं वाटलं नाही. हा पोरगा मी जाऊ देणार नव्हते, रामरती देणार नव्हती, आणि आता अम्माही देणार नव्हती. दाराबाहेर हळूहळू बायका जमल्या होत्या. भट्टीवरचे पुरुष सुटायची वेळ होत आली. मी मनात हॉस्पिटलची वाट ठरवत होते, कुठून वळायचं, कोण बरोबर येईल.

आणि माझ्या मांडीला ऊब लागली.

आधी कळलंच नाही. वाटलं, घामच. मग ती ऊब पसरली, साडीतून आत झिरपली, गुडघ्यावरून खाली ओघळली. मी खाली बघितलं. मुन्ना माझ्या मांडीवर मुतत होता, चांगला सणसणीत, आणि तोंड वाकडं करून रडत होता, आणि त्याच्या गालावर पाणी होतं. रामरतीनं ते बोटानं पुसून जिभेला लावलं आणि ती खाली बसून हमसाहमशी रडली. मलाही आवरलं नाही. फूलवती एकीकडे रडत होती आणि एकीकडे बाहेरच्या बायकांना सांगत होती.

सुईवाला आला आणि सगळ्या बायका दारातून हटेनात म्हणून बडबडत परत गेला. मी उठले, साडी पिळायला पंपाकडे निघाले. अम्मानं माझा ओला पदर धरला. धुवू नकोस म्हणाली. मला धरून ती शेजारच्या दारात घेऊन गेली.

"ई हमरे मुन्ना का पेशाब है," तिनं आतल्या बाईला सांगितलं, आणि माझी साडी पुढे धरून दाखवली. मग माँड किती, मीठ किती, उलटी झाली तरी चमचा सोडायचा नाही, थांबून पुन्हा द्यायचं, अंगावरचं दूध तोडायचं नाही, आणि पोर पीतच नसेल तर सरळ हॉस्पिटल. सगळं बरोबर. तिथून पुढच्या दारात. मग त्याच्या पुढच्या. मी तिच्यामागून ओली साडी सावरत चालले होते, आणि पोरंटोरं मागून येत होती. मी एक अक्षर बोलले नाही.

गल्लीच्या टोकाशी एक खोली होती. आम्ही आलो की तिथे आतून कडी लागायची. कडी निघाली. आतल्या बाईच्या कडेवर एक पोरगी होती, मान खांद्यावर टाकलेली, फडक्यात गुंडाळलेली. ती बाई अम्माकडे बघत राहिली, मग तिनं पोरगी पुढे केली. माझ्याकडे नाही, अम्माकडे. अम्मानं तिला दोन्ही हातांनी घेतलं, उंबऱ्यातच मांडी घालून बसली, आणि चमचा मागितला.